बाबांची हंबर

आमच्या भागात पूर्वी लांबून कुणी येताना दिसलं की आधी सायकल ओळखली जायची, मग माणूस. सायकली होत्याच मोजक्या, सगळ्या गावात मिळून सहा-सात. रॅले कुणाची, हर्क्युलस कुणाची, अटलस कुणाची, हे साऱ्या गावाला पाठ. नाव वाचायच्या भानगडीत आम्ही पोरं पडत नसू, कारण नाव रंगाबरोबर कधीच उडून गेलेलं असायचं. आम्ही बघायचो ते पायडलाजवळचं दात्यांचं मोठं चाक. कारखाने आपली खूण त्या चाकातच कापून ठेवत. रॅलेच्या चाकात बगळ्याची मुंडकी. बीएसएच्या चाकात तीन अक्षरं. ती मुळात बर्मिंगहॅमची बंदुका करणारी कंपनी, म्हणून तिच्या बिल्ल्यावर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या. रज सायकलीच्या चाकात माणसाचा पंजा. आणि हंबरच्या चाकात पाच छोटी माणसं, फेर धरल्यासारखी. पायडल मारलं की तीही गरगर फिरायची.

ती पाच माणसं आमच्या घरी होती.

हंबर हे नाव आमच्याकडे फार चाललं, कारण ते गाईचंच वाटे. ‘आली बाबाची हंबर हंबरत,’ असं पोरं ओरडत. इंग्लंडमधली ही फार जुनी कंपनी. १९३२ साली तिचा सायकलीचा धंदा नॉटिंगहॅमच्या रॅलेने घेतला आणि पुढे रॅलेच्याच कारखान्यात हंबर बनू लागली. दोन खुणा मात्र त्यांनी तशाच ठेवल्या. एक ती पाच माणसं आणि दुसरी म्हणजे पुढचा दुहेरी चिमटा. साध्या सायकलीला चिमट्याच्या दोन बाजूंना एकेक नळी असते. हंबरला एकेका बाजूला दोन-दोन बारीक नळ्या. अंधारात नुसता हात फिरवला तरी हंबर कळायची.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात सायकलींचे कारखाने भराभर उभे राहिले. मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल, सोनीपतला अटलस, लुधियानाला हिरो. बंगालात आसनसोलला सेन-रॅले निघाली. तिथेही रॅले आणि हंबर याच नावांच्या सायकली तयार होऊ लागल्या. म्हणजे हंबर म्हटली की ती इंग्लंडचीच, असं राहिलं नाही. ही गोष्ट तेव्हा आम्हाला माहीत नव्हती. पुढे तिचाच कीस निघाला, म्हणून आधी सांगून ठेवतो.

बाबांनी ही सायकल १९५८ साली खामगावात जुनी घेतली. एक ओव्हरसियर बदली होऊन चालले होते, त्यांच्याकडून. रोख किती दिले ते बाबांनी कधी सांगितलं नाही. मायचे गोठ त्या वर्षी गेले एवढं मायला आठवतं. आमची शेती पाच एकर, सगळी कोरडवाहू. ज्वारी, थोडा कापूस, बांधाला तूर. त्यावर घर चालत नव्हतं. म्हणून बाबा बाजार करायचे. मिरची आणि लसूण एका बाजारात घ्यायचा आणि दुसऱ्यात विकायचा. अमडापूर, उंद्री, चिखली, मेहकर. महिन्यातून एखाद्या वेळी खाली खामगावला. आमचा भाग पठारावरचा. खामगावला जाताना घाट उतरायचा आणि येताना चढायचा, तोही मागे गुळाच्या भेल्या बांधून.

सायकल घेतली तेव्हा तिला गिअर होता. हँडलवर मुठीजवळ एक छोटा खटका. त्याची तार नळीवरून मागच्या चाकापर्यंत गेलेली आणि चाकाच्या मधोमध, एक्सलच्या भोकातून, करंगळीपेक्षा बारीक साखळी बाहेर आलेली. खटका तीन जागी बसायचा. बाबांनी तीन वर्षं तो वापरला. १९६१ साली बाजारात बैलगाडीच्या साटीत हँडल अडकलं आणि खटका मोडला. तालुक्याच्या गावी मिस्तरीला दाखवला. तो म्हणाला, ‘हे सामान इकडं भेटत नाही. कायले कटकट ठेवता? काढून टाकू.’ त्याने मोडका खटका काढला, तार ओढून घेतली, साखळी फिरवून काढली आणि सगळं डब्यात टाकलं. चाक फिरत होतं. सायकल चालत होती. सगळ्यांनी धरून चाललं की गिअर निघाला आणि आता ही साधी सायकल झाली.

पण त्या दिवसापासून ती जड झाली. बाबा म्हणायचे, ‘इंग्रजाची सायकल हाय. लोखंड चोख वापरलं त्यायनं. जड त राहीनच.’ गावातला कुणी पोरगा चालवायला घेई आणि वेशीपर्यंत जाऊन परत आणे. चढ आला की बाबा उतरून ढकलायचे. सपाटीला एकदा वेग धरला की मात्र ती जी पळायची, तिला अटलसवाला गाठू शकत नसे. त्यामुळे तिची कीर्तीही झाली आणि धास्तीही.

तिचा एक आवाज होता. साध्या सायकलीचं फ्रीव्हील पायडल थांबवल्यावर टिकटिकतं. बाबांची सायकल पायडल मारतानाही टिकटिक करायची. हलकी, एकसारखी, घड्याळासारखी. रात्री बाजाराहून येताना वेशीच्या चिंचेपासून ती ऐकू यायची. माय तव्यावर भाकर टाकायची ती त्या आवाजावर.

आता तिच्यातलं काय काय बदललं ते सांगतो, कारण पुढचा सगळा प्रश्न त्याचाच आहे. ओव्हरसियरच्या वेळचं कॅरियर नाजूक, वह्या-कागदांपुरतं. मिरचीच्या पोत्याने ते पहिल्याच वर्षी वाकलं. गावच्या लोहाराने गाडीच्या चाकाची जुनी धाव कापून नवं कॅरियर घडवलं. वजन चार किलोच्या वर, पण त्यावर दोन पोती राहत. धाकट्या भावाच्या वेळी माय अडली तेव्हा तिला याच कॅरियरवर गोधडी टाकून चिखलीच्या दवाखान्यात नेली. पायडलं १९६६ च्या आसपास लुधियानाची बसवली. १९७२ च्या दुष्काळात बाबा रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जायचे. तिथे पुढच्या चाकावरून ट्रक गेला. रिंग, हब, तारा, सगळं नवं घ्यावं लागलं. सीटचं कातडं फाटलं तेव्हा गावच्या चांभाराने त्याच सांगाड्यावर म्हशीचं कातडं ताणून बसवलं. चेन तीनदा, मागचं मडगार्ड एकदा. घंटी किती वेळा बदलली त्याला हिशेब नाही. समोरचा नावाचा बिल्ला कधी पडला ते कुणालाच माहीत नाही, त्याच्या रिबिटांची दोन भोकं राहिली होती.

शेवटच्या वर्षांत बाबांचे गुडघे पार गेले. १९९९ साली ते वारले. सायकल कडब्याच्या खोपीत भिंतीला टेकवून ठेवली ती तशीच राहिली.

२०१८ च्या फेब्रुवारीत, हरभरा काढणीच्या दिवसांत, नागपूरचे एक निवृत्त इंजिनिअर आमच्याकडे आले. त्यांना जुन्या सायकली जमवायचा नाद. पुतण्याने मोबाइलवर फोटो टाकला होता, त्यातली पाच माणसं त्यांनी ओळखली. फोनवरच म्हणाले, ‘काका, इंग्लंडची असेल आणि भाग मूळचे असतील तर पस्तीस हजार देतो.’ धाकट्याच्या विहिरीची मोटर त्याच महिन्यात जळाली होती. पस्तीस हजार म्हटल्यावर तो सायकल धुवायलाच निघाला. इंजिनिअरांनी फोनवरच थांबवलं: ‘धुऊ नका, घासू नका, तेलही लावू नका. आहे तशी बघू द्या.’

आले, आणि खोपीतल्या फरशीवर पोतं टाकून चक्क मांडी घालून बसले. बरोबर भिंग, बॅटरी, रॉकेलची बाटली, दात घासायचा जुना ब्रश आणि वही. मी हरभऱ्याचं काम सोडून दिवसभर त्यांच्याजवळ बसलो. वैद्य नाडी बघतो तसा तो माणूस सायकल बघत होता. मी विचारत गेलो आणि ते सांगत गेले.

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली की नावावर जायचं नाही. बिल्ला आज नवा मिळतो, नावाची पट्टी नवी मिळते, रंग कुणीही मारतो. त्यामुळे जे सहज बदलता येतं ते शेवटी बघायचं. आधी बघायचं ते जे बदलणं कठीण.

म्हणून त्यांनी सुरुवात केली पायडलाच्या नळीपासून. तिच्यात दोन बाजूंना जे कप बसतात त्यांचे आटे मोजले. रॅलेचा कारखाना आपल्या सायकलींना इंचाला २६ आटे ठेवायचा. बाकी बहुतेक इंग्रजी सायकलींचे आणि आपल्या बाजारात मिळणाऱ्या कपांचे आटे इंचाला २४. त्यामुळे बाहेरचा कप या नळीत बसतच नाही, जोर केला तर आटा मरतो. आमचे आटे निघाले २६, कप जुनेच. इंजिनिअर हसून म्हणाले, ‘मिस्तरीला दुसरा कप मिळाला नाही, म्हणून हा वाचला.’ मला तेव्हा आठवलं की मिस्तरी दर वेळी नुसते छरे बदलायचा आणि कपाला शिव्या द्यायचा.

दुसरं, रंग. वरचा रंग उन्हापावसाने गेलेला. पण जिथे जिथे पट्टी आवळलेली असते तिथे तिच्याखाली मूळ रंग दबून राहतो. त्यांनी लोहाराच्या कॅरियरचे नट सोडले. साठ वर्षांनी ती पट्टी उचलली गेली आणि खाली बोटभर रुंद काळाभोर रंग निघाला, आरशासारखा. बाजूला सोनेरी रेघेचा तुकडाही. जे कॅरियर सगळ्यात परकं, त्यानेच मूळ रंग राखून ठेवला होता.

तिसरं, ठसे. लोखंडावर कारखाना काही ना काही ठोकून ठेवतोच. गंजावर रॉकेल लावायचं, थोडं थांबायचं, ब्रशने हलक्या हाताने घासायचं. सँडपेपर लावायचा नाही, त्याने ठसाच जातो. सीटच्या सांगाड्यावर ब्रूक्सचं नाव निघालं. म्हणजे कातडं गावचं, सांगाडा बर्मिंगहॅमचा. मागच्या रिंगवर गंजाच्या खाली ‘मेड इन इंग्लंड’. पुढची रिंग आपल्याकडची. पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४० हा हिशेब जुन्या इंग्रजी सायकलींचा, आणि आपल्या सायकलींनीही तोच उचलला, त्यामुळे नुसत्या तारा मोजून काही कळत नाही.

चौथं, सालं जुळवायची. एका भागावरचं साल म्हणजे पुरावा नव्हे. दोन-तीन भागांची सालं आसपास आली तर ते भाग एकाच दिवशी एकत्र आले असं धरायचं. सीटखालून त्यांनी पत्र्याचा एक चेपलेला तुकडा काढला. मला वाटलं वायसर असेल. तो नगरपालिकेच्या सायकल कराचा बिल्ला होता, १९५६-५७ चा. पूर्वी शहरात सायकलीला कर असे आणि कर भरला की असा बिल्ला मिळे. म्हणजे सायकल त्याआधीची.

बोलता बोलता त्यांनी मोबाइलवर आपल्या एका सायकलीचे फोटो दाखवले. इटलीची, लांबच्या प्रवासाची, मडगार्ड-कॅरियरसकट. मुंबईतल्या एका जुन्या घरातून घेतलेली. म्हणाले, ‘तिच्यावरही असाच दिवस घालवला होता.’ इटलीच्या सायकलीची पायडलाची नळी वेगळी. इंग्रजी सायकलीत उजव्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो, इटलीवाल्यांचे दोन्ही कप सुलट्या आट्याचे. माप मिलिमीटरचं, ३६. आणि आटे इंचाला २४. अशी खिचडी दुसऱ्या देशात नाही, म्हणून तिथे चोरी लपत नाही. तिच्या हबच्या नटांवर कॅम्पाग्नोलो कंपनीने सालाचे दोन आकडे ठोकलेले असतात. दोन्ही चाकांचे आकडे जुळले तर चाकं जोडीची.

हा कॅम्पाग्नोलो आधी सायकलींच्या शर्यतीत उतरणारा माणूस. त्याची एक गोष्ट त्यांच्याकडे सांगतात. त्या काळी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चाकं असत, एक सपाटीला आणि एक चढाला. चढ आला की उतरायचं, नट सोडायचे आणि चाक उलटं करून बसवायचं. एका शर्यतीत घाटात बर्फ पडत होता, बोटं गारठली होती आणि त्याला नटच सुटेना. त्यातून त्याने बिनपान्याचा, हाताने उघडणारा खटका काढला. पुढे १९३३ साली व्हिचेन्झा गावात कारखाना घातला. गोष्ट खरी किती ते देव जाणे. पण चढ चढताना माणसाला काय सुचतं, त्याची ती गोष्ट आहे एवढं खरं.

‘आता तुमच्याही सायकलीचं तेच बघू,’ असं म्हणून त्यांनी सायकल उलटी केली आणि मागच्या हबवर रॉकेल सोडलं. हब चांगलाच जाडा होता, साध्या सायकलीच्या दुप्पट. वर तेल सोडायची एक बारीक झाकणी. ब्रश फिरला आणि अक्षरं वर आली. स्टर्मी-आर्चर. ए डब्ल्यू. मेड इन इंग्लंड. आणि शेवटी दोन आकडे: ५३.

‘नॉटिंगहॅम, १९५३,’ ते म्हणाले. ‘हा हब मूळचा. आणि काका, हा तीन गिअरचा हब आहे.’

मी म्हटलं, ‘होता. गिअर एकसष्टला काढला.’

ते माझ्याकडे बघत राहिले. ‘गिअर कुणी काढला नाही. काढली ती तार.’

मग त्यांनी जे समजावलं ते मी जसं कळलं तसं सांगतो. या हबच्या पोटात दात्यांची चाकं असतात, मधे एक आणि भोवती फिरणारी चार. तार पूर्ण ओढली की पहिला गिअर, चढाचा. अर्धी ओढली की दुसरा, सपाटीचा. तार ढिली सोडली की तिसरा, सगळ्यात जड, वाऱ्याच्या दिशेने पळवायचा. तारच नसली की हब कायम तिसऱ्यात. १९६१ पासून १९९९ पर्यंत आमची सायकल तिसऱ्यात होती.

त्यांनी वहीत आकडे मांडले. पुढच्या चाकाला ४६ दाते, मागच्याला १८, चाक २८ इंची. दुसऱ्या गिअरला पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल पावणेसहा मीटर जाते. पहिल्याला सव्वाचार. तिसऱ्याला साडेसातच्या वर. म्हणजे चढावर जिथे सव्वाचार मीटरचा जोर लावायचा तिथे बाबा साडेसात मीटरचा जोर लावत होते, मागे दोन पोती बांधून. दात्यांचा हिशेब आहे, त्यात काही उणंअधिक नाही.

मी पायडल मारतानाच्या टिकटिकीचं सांगितलं. ते म्हणाले, ‘तोच तर गिअर बोलत होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये आतली खिटी वाजते. पहिल्यात वाजत नाही.’

त्यांच्या गाडीत नवा खटका आणि तार होती. नॉटिंगहॅमचा तो कारखाना २००० साली बंद पडला, नाव तैवानच्या कंपनीने घेतलं आणि तिथे हे सामान अजून निघतं. जुन्या हबला नवी साखळी बरोबर बसली. झाकणीतून पातळ तेल सोडलं, चाक फिरवत ठेवलं, पुन्हा तेल सोडलं. काळं पाणी गळालं. तासाभराने तार आवळली. टायर नव्हतेच धड, म्हणून त्यांनी स्वतःचे दोन चढवले.

आमच्या घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत चांगला चढ आहे. तिथे बाबा कायम उतरायचे. मी अठ्ठावन्न वर्षांचा. खटका पहिल्यात टाकला आणि बसलो. सायकल चढली. दमलो, पण उतरावं लागलं नाही. आणि सबंध चढभर तिचा आवाज नव्हता. घरातल्या सायकलीला असं मुकं मी कधी ऐकलं नव्हतं. देवळापाशी थांबून खटका सोडला, पुन्हा पायडल मारलं, तर ती टिकटिक सुरू झाली. माय दारात येऊन उभी राहिली होती.

संध्याकाळी यादी झाली. मूळचं: नळ्यांचा सांगाडा, दुहेरी चिमटा, पाच माणसांचं चाक, कप, मागचा हब आणि रिंग, सीटचा सांगाडा, हँडल, ब्रेकच्या काड्या, पुढचं मडगार्ड. नंतरचं: पुढचं चाक, पायडलं, चेन, मागचं मडगार्ड, कातडं, कॅरियर, घंटी, स्टँड. काही गोष्टी त्यांना ठशावरून कळल्या नव्हत्या. ब्रेकची एक काडी वेल्डिंग करून पुन्हा जोडलेली होती आणि वरून रंग दिलेला होता. ते मी दाखवलं. पुढच्या रिंगबद्दल तर ट्रकचीच गोष्ट सांगितली. यादी जशी वाढली तशी किंमत खाली आली. पस्तीसचे अठरा झाले.

ते चहा प्यायला अंगणात गेले तेव्हा धाकटा मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘भाऊ, सारं सांगाची काय गरज होती? काडी काई दिसत नव्हती.’ मी म्हटलं, ‘तो माणूस दिवसभर जमिनीवर बसून खरं काय ते शोधून राह्यला. त्याले आपणच खोटं कसं दाखवाव?’ तो गप्प झाला, पण पटलं असं नाही. मोटरीला रिवाइंडिंगसकट किती लागणार ते त्याच्या डोक्यात होतं, आणि त्याचं त्यात चूक काही नव्हतं.

पोरगा नंतर एकदा मला मोबाइलवर एक इटालियन सिनेमा दाखवत होता, ‘बायसिकल थीव्हज’, १९४८ चा. भिंतीवर जाहिराती चिकटवायचं काम मिळालेला गरीब माणूस. कामाला सायकल पाहिजे, म्हणून बायको घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवते. ती पहिल्याच दिवशी चोरीला जाते. मग तो, त्याचा लहान मुलगा आणि दोस्त जुन्या बाजारात ती शोधतात. पण सायकल शोधत नाहीत, भाग शोधतात. कुणी सांगाडे बघतो, कुणी टायर बघतो, पोराकडे घंट्या आणि पंप. कारण चोर सायकल सोडवून तुकड्या-तुकड्यांनी विकणार. एक जण सांगाडा रंगवताना दिसतो तर त्याचा नंबर बघायला पोलिसाला बोलावतात. नंबर जुळत नाही. ते बघताना मला मायचे गोठ आठवले. चादरी काय आणि गोठ काय, दोन्हीकडे बाईच्याच अंगावरचं-अंगाखालचं गेलं.

सायकल विकायची की नाही, हे आम्ही मायवर सोडलं. धाकट्याला वाटत होतं ती नाही म्हणेल. मलाही तसंच वाटत होतं. गिअरचं सगळं मी तिला समजावून सांगितलं होतं. तिने दोन-तीनदा विचारून घेतलं. ‘म्हंजे तार राहती त चढ सोपा गेला असता?’ मी हो म्हटलं. ती बराच वेळ बसून राहिली. मग म्हणाली, ‘ते म्हणत, सायकल जड हाय. मी म्हणायची, सायकल नाही, मिरची जड हाय. थोडी कमी आणत जा. त्यावरून आमची भांडणं व्हायची.’ आणि थोड्या वेळाने, ‘देऊन टाका. तिनं त्यायचे गुडघे खाल्ले.’

मी सांगितलं की सायकलीचा दोष नव्हता. ती म्हणाली, ‘नसन. पण मले ते पाहवत नाही.’

दुसऱ्या दिवशी अठरा हजारात सायकल गेली. इंजिनिअर म्हणाले की ते लोहाराचं कॅरियर काढून मूळ नमुन्याचं बसवतील, सीटलाही ब्रूक्सचं कातडं लावतील. त्यांच्याकडे जुन्या भागांची पेटीच आहे. मी विचारलं, ‘मग हे कॅरियर?’ ते म्हणाले, ‘तुम्हाला हवं असेल तर ठेवा, मला त्याचा उपयोग नाही.’ मी ठेवलं. धाकट्याची मोटर त्या उन्हाळ्यात सुरू झाली.

पुढे पुण्याला लग्नाला गेलो होतो तेव्हा कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय बघून आलो. २०१७ साली सुरू झालेलं. महायुद्धातली घडीची पॅराट्रूपर सायकल आहे तिथे, आणि जुन्या सायकली अशा ठेवलेल्या की पुसायला जागा नाही. मी प्रत्येक सायकलीच्या मागच्या हबपाशी वाकून बघत होतो. बरोबरचे लोक कंटाळून बाहेर जाऊन बसले.

आमच्याकडे अजून बऱ्याच खोपीत, माळ्यावर, गोठ्यात अशा सायकली पडून आहेत. भंगारवाला किलोने नेतो. त्याला देण्याआधी एकदा रॉकेल आणि ब्रश घेऊन बसा. सांगाड्याच्या सांध्यांवर, हबवर, सीटच्या खालच्या लोखंडावर, रिंगच्या आतल्या अंगाला बघा. किंमत येईल की नाही ते माहीत नाही. बहुतेक सायकलींना येणारही नाही. पण आपल्या घरात काय होतं, ते काय करू शकत होतं आणि आपल्या माणसाने त्यातलं किती वापरलं, हे कळतं. आम्हाला ते एकोणीस वर्षं उशिरा कळलं.

कॅरियर मी विहिरीवर नेलं. फवारणीचा पंप त्यावर ठेवतो. धावेचं लोखंड आहे, गंज धरत नाही.